नकलेने जपलेले खेळ

बंगळूरच्या जुन्या पेठेत सदर पत्राप्पा रस्ता नावाचा एक अरुंद रस्ता आहे. हे पूर्ण नाव उच्चारणारे थोडेच. साऱ्या शहराच्या तोंडी तो एसपी रोड. विजेच्या तारा, चिपा, संगणकांचे सुटे भाग, नवे आणि जुने, चालू आणि बंद पडलेले, असा सगळा माल या रस्त्यावर एकमेकांना खेटून मांडलेला असतो. अशा पेठांतून गेल्या दहाबारा वर्षांत दोन वस्तूंना नवे गिऱ्हाईक लाभले आहे. एक म्हणजे रास्पबेरी पाय नावाचा, पत्त्याएवढ्या उघड्या पाटीवर बसवलेला छोटा संगणक. आणि दुसरी म्हणजे चीनमधील शेन्झेनहून येणारी, तळहातावर मावणारी खेळाची यंत्रे. काही हजार रुपयांत यांपैकी काहीही पदरात पडते. घेणारा पुष्कळदा पस्तिशी-चाळिशीचा गृहस्थ असतो. दिवसभर तो ज्या यंत्रावर काम करतो त्याच्या मानाने ही वस्तू अगदीच दुबळी. परंतु त्याला हवे असते ते याहूनही दुबळे असे काहीतरी: शाळकरी वयात, घरच्या दूरचित्रवाणीला जोडलेल्या डब्यावर, दोन बोटांनी धावडवलेला तो मिशाळ नळकाम्या, किंवा ‘काँट्रा’तले ते दोन बंदूकधारी.

हा गृहस्थ बालपणाकडे परत जातो आहे, असे म्हणून हा विषय बहुधा मिटवला जातो. पण तो नेमका कोठे परत जातो, हे पाहू लागले की इतिहासाची एक गमतीची गुंतागुंत उकलू लागते. ज्या वस्तूकडे तो परत जाऊ पाहतो, ती मूळ वस्तू त्याच्या घरी कधी आलेलीच नव्हती.

एका यंत्राने दुसऱ्याचे सोंग घ्यावे ही कल्पना खेळांसाठी जन्मलेली नाही. ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९३६ सालच्या आपल्या निबंधात असे दाखवून दिले की, एखादे यंत्र योग्य वर्णन मिळाले तर दुसऱ्या कोणत्याही गणनयंत्राचे काम करू शकेल. आपल्याकडच्या बहुरूप्यासारखेच हे. आज वाघ्या, उद्या फौजदार, परवा गोसावी. अंग एकच, वेष आणि बोली मात्र ज्याची त्याची. ट्युरिंगचा हा बहुरूपी कागदावरचा होता. १९६४ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने ‘सिस्टीम ३६०’ ही आपली नवी संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा तो बाजारात उतरला. जुन्या १४०१ संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावल्या फेकून देण्यास गिऱ्हाइके तयार नव्हती. म्हणून नव्या यंत्रांनाच जुन्याचे सोंग घेण्याची सोय करून देण्यात आली. या सोयीला ‘एम्युलेशन’ हे नाव तेव्हाच पडले. म्हणजे या कलेचा व्यावहारिक उगम जुन्याच्या आठवणीत नाही. जुन्यावर झालेला खर्च वाया जाऊ नये, या व्यापारी हिशेबात आहे.

आता ज्याचे सोंग घ्यायचे, त्या यंत्राकडे वळावे. निन्टेन्डो ही जपानच्या क्योतो शहरातील कंपनी १८८९ साली स्थापन झाली ती ‘हानाफुदा’ नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते करण्यासाठी. पोर्तुगीज खलाशांबरोबर जपानात पत्ते आले, त्यांच्या नकला झाल्या, जुगाराच्या भयाने सरकारने त्यांवर बंदी घातली, मग रूप पालटून नवे पत्ते निघाले, त्यांवरही बंदी आली. अशा लपंडावातून हे फुलांचे पत्ते आकाराला आले होते. सावंतवाडीच्या गंजिफा पाहिलेल्या मराठी माणसाला या घराण्याची ओळख वेगळी करून द्यावयास नको. याच कंपनीने जुलै १९८३ मध्ये मासायुकी उएमुरा यांनी आखलेले ‘फॅमिली कॉम्प्युटर’ हे यंत्र १४,८०० येनांना विक्रीस आणले. त्याच्या पोटात ६५०२ या प्रोसेसराची एक आवृत्ती होती. हा ६५०२ स्वतःच स्वस्ताईचे अपत्य होय. इतर कंपन्यांचे प्रोसेसर शेकडो डॉलरांना विकले जात असता, १९७५ साली चक पेडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २५ डॉलरांना देऊ केला होता.

या यंत्राची गरिबी आज नवलाची वाटते. कामापुरती स्मृती अवघी दोन किलोबाइट. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी १९८५ साली रचलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा आखा खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. आज फोनवर काढलेले एखादे साधे छायाचित्रही त्याच्या कितीतरी पट जागा खाते. जागा वाचवण्यासाठी आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांना एकच आकृती वापरली आहे. फक्त रंग पालटला आहे. हे कळल्यावर खेळाची गोडी उणावत नाही, उलट वाढते. ओवीच्या साडेतीन चरणांत ज्यांनी सारे बसवले त्यांच्या भाषेतील माणसाला या काटकसरीतले कसब लवकर उमगावे.

हे यंत्र जपानात आणि पुढे अमेरिकेत कोट्यवधींनी खपले. आपल्याकडे मात्र त्या काळी परदेशी मालावर जबर जकात होती आणि अशा चैनीच्या वस्तूला वाट अरुंद होती. आले ते निराळ्याच मार्गाने. तैवानमधील कारखान्यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या यंत्राच्या चिपांच्या नकला तयार केल्या. पुढे तर सगळे यंत्र एकाच चिपेत कोंबून तिच्यावर काळ्या राळेचा ठिपका चिकटवून देण्याचे तंत्र निघाले आणि किंमत आणखी कोसळली. हे डबे भारतात ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी घरोघर शिरले. मुले त्यांना ‘टीव्ही गेम’ किंवा नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणत आणि त्यांत खुपसायच्या ठोकळ्यांना ‘कॅसेट’ म्हणत. खेळ सुरू होईना तर कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, हे शास्त्र मुंबईपासून बंगळूरपर्यंत कोणी न शिकवता सर्वांना येत होते. कॅसेटीवर कधी ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात मूठभरच खेळ. बाकीचे आकडे म्हणजे तेच खेळ निरनिराळ्या टप्प्यांपासून सुरू करून दाखवलेले. त्या लबाडीचा राग आल्याचे कोणाच्या आठवणीत दिसत नाही.

घराबाहेरच्या खेळाची कथा मात्र इतकी निरागस राहिली नाही, आणि ती नेमकी बंगळूरची आहे. शहरात नाणे किंवा टोकन टाकून खेळायची व्हिडिओ गेमची दुकाने निघाली होती. पोलीस आयुक्तांनी १९८९ साली सार्वजनिक करमणुकीच्या जागांविषयीचा एक आदेश काढून अशा दुकानांना परवाना सक्तीचा केला. दुकानदार न्यायालयात गेले. हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे, असे त्यांचे म्हणणे. यंत्रांत फेरफार करून हार-जीत मालकाच्या मुठीत ठेवता येते, असा पोलिसांचा आक्षेप. ‘एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या नावाने हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९५ साली न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला. निव्वळ दैवाचा किंवा दैव आणि कौशल्य यांच्या मिश्रणाचा व्हिडिओ खेळ नियंत्रणाखाली आणता येतो, आणि परवाना मागणे अवाजवी नाही, असे ठरले. हानाफुदाच्या पत्त्यांवरून जपानात जो प्रश्न शतकांपूर्वी उठला, तोच येथे काचेच्या पडद्यावरून उठला. न्यायालयापुढची पुष्कळ यंत्रे पैशाच्या खेळांची होती, हे खरे. तथापि मुले जे उड्या मारण्याचे, पळण्याचे, नेम धरण्याचे खेळ खेळत, त्यांच्याविषयी वडीलधाऱ्यांच्या मनात जी अढी बसली, ती याच सरमिसळीतून पक्की झाली असावी. खेळ म्हणजे वाया गेलेला वेळ, आणि पडद्यावरचा खेळ म्हणजे वाया गेलेला मुलगा.

या पार्श्वभूमीवर बंगळूरने स्वतः घडवलेल्या एका स्वस्त यंत्राची कथा सांगितली पाहिजे. भारतीय विज्ञान संस्थेतील संगणकशास्त्राचे चार प्राध्यापक, विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय, आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली ‘सिंप्युटर ट्रस्ट’ स्थापन केला. साधा, स्वस्त आणि बहुभाषी असा लोकांचा संगणक करावयाचा. तो खिशात मावावा, न वाचता येणाऱ्यालाही चित्रांवरून आणि बोललेल्या शब्दांवरून वापरता यावा, किंमत नऊ हजारांच्या घरात राहावी, आणि एकाला न परवडला तर गावाने मिळून घ्यावा, प्रत्येकाने आपापले स्मार्टकार्ड खोचून आपापले काम करावे, असा त्यांचा मनोदय होता. २५ एप्रिल २००१ रोजी त्याचा नमुना लोकांपुढे आला. आत एआरएम जातीचा ‘स्ट्राँगआर्म’ प्रोसेसर आणि लिनक्स ही मुक्त प्रणाली. त्या वर्षीच्या डिसेंबरात न्यू यॉर्क टाइम्सच्या साप्ताहिकात ब्रूस स्टर्लिंग या लेखकाने संगणकक्षेत्रातील त्या वर्षाची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणून त्याचा गौरव केला.

सिंप्युटरचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य पडद्यात वा प्रोसेसरात नव्हते. त्याच्या परवान्यात होते. यंत्राची आखणी उघडी ठेवलेली होती. ठरावीक शुल्क द्यावे आणि कोणीही ते यंत्र बनवावे, सुधारावे, अशी मोकळीक ट्रस्टने देऊ केली होती. नक्कल ही येथे चोरी नव्हती. ते आमंत्रण होते.

आमंत्रणाला पाहुणे मात्र आले नाहीत. चौघा प्राध्यापकांच्या पिकोपेटा कंपनीने आखलेला आणि जालहळ्ळीच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला ‘अमिदा सिंप्युटर’ २६ एप्रिल २००४ रोजी बाजारात आला, तोवर किंमत दहा हजारांच्या आसपास सुरू होऊन रंगीत पडद्यासाठी त्याच्या दुपटीकडे झुकली होती. पहिल्या वर्षी पन्नास हजार यंत्रे खपतील अशी अपेक्षा होती. खपली ती चार हजारांच्या आसपास. मोबाइल फोन स्वस्त होत चालला होता, सरकारी खात्यांची अपेक्षित मागणी आली नाही, आणि खेड्यातील माणसाच्या हिताचे जे जे यंत्रात होते ते खेड्यातील माणसाने मागितलेले नव्हते.

आणि तरीही त्या अमिदात एक खेळ होता. यंत्र हातात धरून कोणत्या बाजूला कलवले आहे हे ओळखणारा संवेदक त्यात बसवलेला होता, आणि त्याच्या जोरावर ‘गोलगोली’ नावाचा खेळ चालत असे: यंत्र अलगद तिरपे करीत चक्रव्यूहातून एक गोळी गडगडत न्यायची. फोन हलवून खेळायचे खेळ जगभर पसरण्याच्या काही वर्षे आधीची ही गोष्ट. परंतु बंगळूरच्या या यंत्राची ओळख शेतमालाचे भाव, आरोग्य आणि ग्रामीण पतव्यवहार यांसाठीचे साधन अशी करून देण्यात आली होती. गोलगोली हे त्याचे तोंडी लावणे होते. त्याच स्ट्राँगआर्म प्रोसेसरवर चालणाऱ्या कॉम्पॅकच्या ‘आयपॅक’ या महागड्या खिशातल्या संगणकावर त्या सुमारास हौशी मंडळी जुने जपानी खेळ सोंगाने चालवीत होती. म्हणजे अंगी बळ दोघांच्याही सारखेच होते. स्वस्त यंत्राने उपयोगी असले पाहिजे, खेळ ही श्रीमंत यंत्राची चैन, हा समज कोणी लेखी घातलेला नव्हता. तो हवेतच होता. त्या हवेचा सिंप्युटरच्या अपयशात किती वाटा, हे मोजून सांगता येणार नाही. पण ज्या नकली डब्याच्या प्रसाराला ना ट्रस्ट लागला ना गौरव, तो घरोघर पोहोचला, आणि त्याने आणले होते ते केवळ खेळ.

एआरएम या प्रोसेसराची वंशावळही येथे पाहण्याजोगी आहे. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीतील सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी १९८५ साली तो प्रथम सिद्ध केला. त्याआधी त्यांचा हात बसला होता तो ६५०२ वर, कारण एकॉर्नचा ‘बीबीसी मायक्रो’ त्याच प्रोसेसरवर चाले. हा बीबीसी मायक्रो आपल्याला परका नाही. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांतून संगणकशिक्षणाची ‘क्लास’ योजना सुरू केली तेव्हा भारतीय शाळांत पाठवला गेला तो हाच संगणक. त्यावर वाढलेली इंग्रज पिढी संपत चालली, नव्या मुलांना यंत्राच्या आत डोकावता येईना, या काळजीतून इबेन अप्टन आणि सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये रास्पबेरी पाय ३५ डॉलरांना आणला. तो शिकण्यासाठी होता. लोकांनी तो शिकण्यासाठी घेतला, आणि त्यावर खेळही चालवले. ६५०२ च्या सहवासात ज्याची कल्पना रुजली तो प्रोसेसर आता ६५०२ चे सोंग घेतो, हे त्याच्या कुळाला शोभणारेच.

सोंग घेणाऱ्या आज्ञावल्या लिहिणारे बहुतेक हौशी लोक होते. निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थाने १९९७ साली ‘मेम’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली, तिने पुढे दुकानांतील हजारो जुन्या यंत्रांची सोंगे घेतली. मूळ चिपा सडत, गंजत होत्या. त्यांतील मजकूर उतरवून ठेवण्याचे काम ना मालक कंपन्यांनी मनावर घेतले ना ग्रंथालयांनी. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात कोठेही मिळत नाहीत. ज्यांचा मालक त्यांना विकतही नाही आणि सोडतही नाही, असे हे खेळ. अमेरिकन कायद्याने कंपनीच्या नावे प्रसिद्ध झालेल्या कृतीवरचा हक्क ९५ वर्षे टिकतो. त्या हिशेबाने १९८५ चा मारिओ २०८१ साली मोकळा होईल. तोवर त्याची एकही मूळ कॅसेट चालू असेल की नाही याची शंका आहे.

सोंग घेणे हा स्वतः गुन्हा नव्हे, असे अमेरिकन न्यायालयांनी सोनी आणि कनेक्टिक्स यांच्या २००० सालच्या वादात मान्य केले आहे. गुंता आहे तो खेळाच्या प्रतीचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ आणि १९९९ साली ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांनी संगणकीय आज्ञावलीची कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला राखीव प्रत करण्याची आणि खाजगी वापरासाठी नक्कल करण्याची मुभा दिली. मुभा उदार आहे. पण एसपी रोडवर यंत्र घेणाऱ्या गृहस्थाला तिचा उपयोग काय? त्याची लहानपणीची पिवळी कॅसेट हीच मुळात चोरीची प्रत होती. इतरांनी निदान एकदा पैसे देऊन मूळ वस्तू घेतली होती. याच्या वाट्याला मूळ वस्तू आलीच नाही.

आणि मूळ मालक तरी काय करतो? निन्टेन्डोने २०१६ साली आपल्या जुन्या यंत्राची छोटी प्रतिकृती तीस खेळांसह विकली. तिच्या आत जुन्या चिपा नव्हत्या. एआरएम प्रोसेसर, लिनक्स प्रणाली आणि सोंग घेणारी आज्ञावली, एवढेच होते. म्हणजे रास्पबेरी पाय आणि सिंप्युटर यांच्याच जातकुळीची वस्तू. त्याच कंपनीने २०२४ साली आपल्या एका अलीकडच्या यंत्राचे सोंग घेणाऱ्या ‘युझू’ या आज्ञावलीच्या कर्त्यांवर दावा लावून २४ लाख डॉलरांची तडजोड वसूल केली. चालू यंत्राच्या नकलेने धंद्याला धक्का लागतो ही त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. विकत न मिळणाऱ्या खेळांना तीच तक्रार लावणे मात्र पटत नाही.

या गृहस्थाच्या हातात यंत्र आल्यावर जे घडते त्यात एक बारकावा आहे. जपानी व अमेरिकन दूरचित्रवाणी सेकंदाला सुमारे साठ चित्रे दाखवी. भारतात पाल पद्धत असल्यामुळे येथे पन्नास. खेळांची गती चित्रांच्या मोजणीवर बांधलेली होती. परिणामी, पाल पद्धतीसाठी बनवलेल्या नकली डब्यांवर मारिओ मुळाहून सहाव्या हिश्श्याने सावकाश धावे, उडीही संथ, आणि संगीतही रेंगाळलेले. आजचे यंत्र जपानी मुळाचे सोंग अचूक घेते. म्हणून पहिल्याच मिनिटाला खड्ड्यात पडलेला माणूस आपली बोटे मंदावली असे समजतो. वस्तुतः खेळच त्याच्या बालपणापेक्षा वेगवान झालेला असतो.

यावरही तोड निघालेली आहे. रशियात डिसेंबर १९९२ पासून ‘डेंडी’ नावाने असेच पन्नास चित्रांचे नकली डबे विकले गेले, आणि तेथल्या खेळाडूंना आपल्या आठवणीतला तोच वेग हवा होता. म्हणून सोंग घेणाऱ्या कित्येक आज्ञावल्यांत जपान, अमेरिका आणि युरोप या पर्यायांखाली ‘डेंडी’ असा चौथा पर्याय आढळतो: मूळ यंत्राचे नव्हे, तर नकलेचे सोंग. ‘लिटल मास्टर’ वा ‘मीडिया’ हे नाव त्या यादीत नाही. बंगळूरच्या गृहस्थाला आपल्या घरातला जुना वेग हवा असेल, तर त्याने ते रशियन नाव निवडावे. मारिओ पुन्हा सावकाश चालू लागतो.